दोन ग्रंथींचा हिशेब

कोकणातल्या घरांत एकेकाळी मुंबईहून येणाऱ्या पत्राला फार मान असे. चाकरमान्याचे चार ओळींचे पत्र आले की ते वाचून दाखवण्यासाठी वाडीतला लिहितावाचता माणूस बोलावला जाई. आता तसे पत्र येत नाही. त्याऐवजी बहुतेक घरांत एक वेगळाच कागद येतो, तो म्हणजे रक्ततपासणीचा अहवाल. त्यातली अक्षरे सर्वांना लागतात, कारण शिक्षण घरोघर पोहोचले आहे. पण अर्थ मात्र लागत नाही. एका रकान्यात आकडा, शेजारी कंसात दोन टोकांच्या मर्यादा, आणि आकडा मर्यादेबाहेर असला की तो ठळक छापलेला. मग घरातली माणसे तो ठळक आकडा तेवढा पाहतात आणि धास्तावतात, किंवा तो नसला तर निर्धास्त होतात. या दोन्ही वेळी माणूस कागद पाहत असतो, वाचत नसतो. या भेदाची किंमत काय असू शकते हे आमच्या घराने २०२२ च्या पावसाळ्यात अनुभवले. म्हणून हे लेखन.

आमची थोरली बहीण, जिला आम्ही सर्व भावंडे ताई म्हणतो, रत्नागिरीतच शिक्षिका होती. वय सत्तावन्न, निवृत्तीला एक वर्ष उरलेले. वर्षभर तिला थकवा जाणवत होता. मारुती मंदिरापासून घरापर्यंतचा नेहमीचा रस्ता तिला दोनदा थांबून संपवावा लागे. भूक मेली होती, वजन सात किलो उतरले होते, अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येई. एक गोष्ट मात्र तिला अतिशय रुचू लागली होती, ती म्हणजे मीठ. सकाळच्या पेजेबरोबर ती खारातली कैरी खाई आणि वाटीतला खारही पिऊन टाकी. तिचे तळहात, बोटांची पेरे आणि हिरड्या काळवंडल्या होत्या. शेजारीपाजारी म्हणत, रत्नागिरीच्या उन्हात रंग कोणाचाही रापतो.

शहरातल्या एका दवाखान्यात तिची तपासणी झाली. अहवालात टीएसएच ९.८ आले. कंसातली मर्यादा ०.४ ते ४.२ अशी होती. टी-४ खालच्या काठाला टेकलेले होते. थायरॉईड मंदावला आहे असे निदान होऊन गोळी सुरू झाली. यात वावगे काही नव्हते. थकवा आणि वाढलेले टीएसएच यांवर जगभर हेच औषध देतात. परंतु तीन आठवड्यांत ताई सुधारण्याऐवजी खचत गेली. उलट्या सुरू झाल्या. ऑगस्टमधल्या एका रात्री, बाहेर पाऊस कोसळत असताना, तिला रिक्षातून रुग्णालयात न्यावे लागले. रक्तदाब ८० वर ५० होता. रक्तातले सोडियम १२१ निघाले, जे १३५ च्या खाली जाऊ नये. आणि पोटॅशियम ५.८, जे ५ च्या आसपास थांबावे.

त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या तरुण डॉक्टरांनी कागदाच्या आधी ताईचे तळहात पाहिले. बॅटरीच्या उजेडात हिरड्या पाहिल्या. मग आम्हांला एकच प्रश्न विचारला, "मीठ जास्त खातात का?" आम्ही होय म्हणताच त्यांनी रक्ताच्या दोन नळ्या काढून घेतल्या, एक बर्फात ठेवायला सांगितली, आणि अहवालाची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन व सलाईन सुरू केले. पहाटेपर्यंत ताईने पाणी मागितले. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली. मुंबईहून अहवाल यायला पुढे चार दिवस लागले. कॉर्टिसॉल १.६ होते.

त्या चार दिवसांत आणि नंतरच्या अनेक महिन्यांत आम्ही जे समजून घेतले ते वाचकांसमोर सोप्या शब्दांत ठेवावे असे वाटते.

मानेच्या पुढच्या बाजूस फुलपाखरासारखी पसरलेली जी ग्रंथी आहे तिला आपले विश्वकोश अवटू ग्रंथी म्हणतात. बोलण्यात सर्वजण थायरॉईड म्हणतात. तिच्यातून टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके रक्तात उतरतात व शरीराच्या सर्व व्यवहारांची गती ठरवतात. अहवालात पहिल्या क्रमांकावर झळकणारे टीएसएच मात्र थायरॉईडचे नव्हेच. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीचे. पोष ग्रंथी ही मालकीण आणि थायरॉईड ही कामकरीण असे समजावे. काम नीट चालले असेल तर मालकीण हळू बोलते. काम मंदावले की ती आवाज चढवते. टीएसएच म्हणजे हा मालकिणीचा आवाज. म्हणून थायरॉईड मंद झाला की टीएसएच वाढते, आणि थायरॉईड बेफाम सुटला की टीएसएच खाली जाते. हा उलटा संबंध ध्यानात नसल्याने कित्येक माणसे 'थायरॉईड वाढला' असे म्हणतात, तेव्हा प्रत्यक्षात तो मंदावलेला असतो. आणखी एक गोष्ट अशी की गोळीचे प्रमाण बदलल्यावर हा आवाज स्थिरावायला साधारण सहा आठवडे लागतात. त्यापूर्वी केलेली तपासणी बहुधा पैसे खर्चूनही दिशाभूल करते.

दुसरी जोडी दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली असते. या अधिवृक्क ग्रंथी. रोममध्ये अध्यापन करणाऱ्या बार्तोलोमेओ एउस्ताकी यांनी सोळाव्या शतकात त्यांचे वर्णन केले, पण त्या कशासाठी आहेत हे पुढची तीन शतके कोणाला उमगले नाही. १८५५ साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील टॉमस ॲडिसन यांनी विलक्षण थकवा, पोटाच्या तक्रारी आणि काळवंडणारी त्वचा असलेल्या रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. मृत्यूनंतर पाहता त्यांच्या या ग्रंथी नष्ट झालेल्या आढळल्या. त्या काळी क्षयरोग हे त्याचे मोठे कारण होते, आणि आपल्या देशात ते कारण आजही पुसले गेलेले नाही. दुसरे कारण म्हणजे शरीराच्या संरक्षक यंत्रणेने स्वतःच्याच ग्रंथीवर उलटणे.

अधिवृक्क ग्रंथीतून निघणारे कॉर्टिसॉल रक्तदाब व रक्तातील साखर सांभाळते आणि आजारपणात, अपघातात, उपासात शरीराला तग धरायला लावते. तिच्यातूनच निघणारे दुसरे संप्रेरक शरीरातले मीठ राखते. ते आटले की मीठ लघवीवाटे वाहून जाते. ताईचा खाराचा हव्यास हा जिभेचा चोचला नव्हता, शरीराचे ते मागणे होते. काळवंडण्याचे कारणही आता समजले. येथेही मालकीण पोष ग्रंथीच, आणि तिचा आवाज म्हणजे एसीटीएच. तो आवाज फार चढला की त्वचेतला रंग तयार करणाऱ्या पेशीही त्याला ओ देऊ लागतात. बिघाड मुळात पोष ग्रंथीतच असेल तर कॉर्टिसॉल कमी होते पण त्वचा अशी काळवंडत नाही. बर्फात ठेवलेली नळी याच एसीटीएचसाठी होती, कारण ते बाहेरच्या उष्णतेत लवकर नासते.

कॉर्टिसॉलचा आकडा वाचण्याची रीत टीएसएचहून निराळी आहे, आणि ती आम्हां किनाऱ्यावरच्या माणसांना तरी लवकर कळावी. भाट्याच्या खाडीच्या मुखाशी पाणी किती, असे कोणी विचारले तर जाणता खलाशी आधी विचारील, आज तिथी कोणती आणि वेळ कोणती? कॉर्टिसॉललाही रोजची भरती-ओहोटी आहे. सकाळी आठच्या सुमारास ते शिगेला असते, मध्यरात्री तळाला. सकाळची सर्वसाधारण मर्यादा ५ ते २५ मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. दुपारी चारला घेतलेल्या रक्तात ४ आले तर त्यावरून घाबरायचे कारण नाही. सकाळी आठला तेच ४ आले तर पुढे शोध घ्यावा लागतो. सकाळचा आकडा ३ च्या खाली असेल तर ग्रंथी थकल्याचा संशय बळावतो, आणि मधल्या आकड्यांना एकट्याने उत्तर देता येत नाही. तेव्हा कृत्रिम एसीटीएच टोचून अर्ध्या तासाने व तासाने पुन्हा रक्त घेतात आणि ग्रंथी हाकेला कशी ओ देते ते पाहतात.

ताईचे रक्त तर रात्री साडेनऊला काढलेले होते. मग त्या १.६ ला अर्थ काय, असा प्रश्न आम्ही डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, "वादळात ओहोटीच्या वेळीही पाणी धक्क्यावर चढते ना? रक्तदाब इतका उतरलेला असताना निरोगी शरीराने रात्रीसुद्धा कॉर्टिसॉलचा पूर आणला असता. येथे तो आला नाही." आमच्या मनातला गोंधळ या एका वाक्याने निवला. पुढे एसीटीएचचा आकडा मर्यादेच्या कित्येक पटींनी वर निघाला. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये दोन्ही ग्रंथी आकसलेल्या दिसल्या, क्षयाची खूण नव्हती. थायरॉईडविरुद्धची प्रतिद्रव्येही रक्तात सापडली. एकाच यंत्रणेने दोन्ही ग्रंथींवर हल्ला केला होता. अशा जोडव्याधीचे वर्णन श्मिट या जर्मन वैद्याने १९२६ सालीच केलेले आहे.

आता त्या थायरॉईडच्या गोळीने ताई का खचली ते पाहू. थायरॉईडचे संप्रेरक शरीराची गती वाढवते, तशी कॉर्टिसॉल मोडून टाकण्याचीही गती वाढवते. घरात तेल थोडे उरले असताना दिव्याची वात मोठी करावी, तसे झाले. म्हणून नियम असा की दोन्ही ग्रंथी मंद असतील तर आधी कॉर्टिसॉलची भरपाई करायची, थायरॉईडची गोळी मागाहून. उलट क्रम जिवावर बेततो. शिवाय कॉर्टिसॉल आटलेले असताना टीएसएच काहीसे वाढलेले दिसू शकते आणि कॉर्टिसॉलची भरपाई होताच पुष्कळदा उतरते. ताईचे टीएसएच दोन महिन्यांनी ९.८ वरून ६.१ वर आले. मगच अगदी लहान मात्रेने गोळी पुन्हा सुरू झाली, आणि या खेपेस ती मानवली. औषध तेच होते, क्रम बदलला होता.

या दोन्ही संप्रेरकांच्या इतिहासात एकाच माणसाचे नाव दोनदा येते याचे आम्हांला नवल वाटते. एडवर्ड केंडॉल या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९१४ साली, तेही नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, थायरॉईडच्या संप्रेरकाचे स्फटिक वेगळे काढले. त्यापूर्वी १८९१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका बाईंना बरे केले होते. त्या पुढे २८ वर्षे जगल्या. केंडॉल नंतर अधिवृक्क ग्रंथीकडे वळले आणि त्यांच्या प्रयत्नांतून कॉर्टिसोन हाती आले. १९४८ च्या सप्टेंबरात फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रथम एका संधिवाताच्या रुग्णाला दिले, ते रॉचेस्टर येथील सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये, जे फ्रान्सिस्कन भगिनींनी १८८९ साली उभारले होते. १९५० चे नोबेल पारितोषिक केंडॉल, हेंच आणि स्वित्झर्लंडचे टाडेउस राइखश्टाइन यांना मिळाले. रक्तातले इतके सूक्ष्म प्रमाण मोजण्याची किमया रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांची. यॅलो यांना त्यासाठी १९७७ चे नोबेल मिळाले, तोवर बर्सन हयात नव्हते. ताईच्या हातात जो कागद आला त्यामागे एवढी माणसे उभी आहेत.

अमेरिकेचे पहिले कॅथलिक राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनाही हीच जोडव्याधी असावी असे पुढील अभ्यासकांचे मत आहे. १९४७ साली लंडनमध्ये त्यांना ॲडिसनचा आजार असल्याचे निदान झाले, आणि परतीच्या प्रवासात जहाजावर त्यांना अंतिम अभ्यंग देण्यापर्यंत वेळ आली होती. त्यानंतर ते औषधांच्या आधारावर सोळा वर्षे जगले, आणि त्यांना थायरॉईडचेही औषध घ्यावे लागे. ही हकीकत ऐकून ताई हसली व म्हणाली, "म्हणजे सहावीच्या वर्गाचे राज्य मला झेपायला हरकत नाही."

अहवालांविषयी आणखी तीन गोष्टी सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट मर्यादेची. कंसातल्या दोन टोकांत शंभरांपैकी पंचाण्णव निरोगी माणसे बसतात, अशा हिशेबाने त्या आखलेल्या असतात. म्हणजे पाच निरोगी माणसे बाहेर राहतातच. आज पॅकेजच्या नावाखाली वीस तपासण्या एकदम करतात. त्या परस्परांशी निगडित नाहीत असे धरले तर निरोगी माणसाचाही किमान एक आकडा ठळक छापला जाण्याची शक्यता शेकडा ६४ निघते. ठळक आकडा म्हणजे रोग नव्हे, आणि मर्यादेतला आकडा म्हणजे आरोग्याची हमी नव्हे.

दुसरी गोष्ट एककाची. लंडनला परिचारिका असलेल्या आमच्या भाचीने फोनवर १.६ हा आकडा ऐकला तेव्हा ती क्षणभर बोललीच नाही, कारण तिकडे कॉर्टिसॉल नॅनोमोलमध्ये मोजतात आणि आपला आकडा २७.६ ने गुणल्यावर तिकडचा होतो. आपले १.६ म्हणजे तिकडचे ४४. दोन प्रयोगशाळांचे कागद शेजारी ठेवताना आधी आकड्यामागचे एकक पाहावे.

तिसरी गोष्ट औषधांची. केस व नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटे कमी व टी-४ खोटे जास्त दिसते. दम्यासाठी वा सांध्यांसाठी दीर्घकाळ स्टेरॉईड घेणाऱ्याच्या अधिवृक्क ग्रंथी झोपी जातात. त्याने गोळी एकाएकी सोडली तर ताईसारखीच अवस्था ओढवू शकते. सांध्यांवर मिळणाऱ्या काही बिननावाच्या पुड्यांतही स्टेरॉईड मिसळलेले आढळले आहे. म्हणून रक्त देताना आपण काय काय घेतो ते सर्व सांगावे. याउलट साध्या थकव्याला 'अधिवृक्क ग्रंथी दमल्या' असे नाव देऊन महागडी चूर्णे विकली जातात. अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या संस्था अशा व्याधीला मान्यता देत नाहीत. ग्रंथी खरोखर निकामी होणे ही गोष्ट निराळी आहे, आणि ती तपासून सिद्ध करता येते.

ताई आज सकाळी हायड्रोकॉर्टिसोनची मोठी मात्रा व दुपारी लहान मात्रा घेते, मीठ राखणारी एक बारीक गोळीही घेते. ताप आला तर मात्रा दुप्पट करायची, उलटी होऊन गोळी पोटात राहिली नाही तर इंजेक्शनासाठी तडक रुग्णालय गाठायचे, आणि काही झाले तरी गोळी बंद करायची नाही, हे नियम तिच्या पर्समधल्या पत्त्यावर लिहिलेले आहेत. त्या पत्त्याची गरज बाहेरच्यांपेक्षा आप्तांसाठी अधिक भासली. "स्टेरॉईड वाईट, सोडून दे," असे सांगणारा एक तरी हितचिंतक प्रत्येक लग्नात व बारशात भेटतो. ताई त्यांना शिक्षिकेच्या शांतपणे सांगते की शरीर जे स्वतः बनवते तेवढेच ती बाहेरून घेते, त्याहून अधिक नाही.

आमच्या समाजात निवृत्त शिक्षक आहेत, परिचारिका आहेत. महिन्यातून एका रविवारी त्यांनी तासभर बसून लोकांचे अहवाल तारखेच्या क्रमाने लावून द्यावेत, प्रत्येकावर रक्त दिल्याची वेळ, चालू औषधे आणि होणारा त्रास लिहून द्यावा, असे आम्हांला वाटते. निदान करणे हे त्यांचे काम नव्हे, ते डॉक्टरांचे. पण नीट लावलेला कागद डॉक्टरांच्या हाती गेला तर त्यांची दहा मिनिटे वाचतात, आणि ती दहा मिनिटे रुग्णाचे तळहात पाहायला मिळू शकतात.

२०२३ च्या शुभ शुक्रवारी ताईपुढे प्रश्न उभा राहिला. एकोणसाठ पूर्ण होईपर्यंत उपवासाचा नियम लागू, आणि तिने तो कधी मोडला नव्हता. धर्मगुरूंनी आजाऱ्याला यातून सूट असते असे सांगितले, तरी तिचे मन मानेना. अखेर त्यांनी विचारले, "तू उपाशी राहिलीस आणि पडलीस, तर तुला उचलायला चौघांना प्रार्थना सोडून उठावे लागेल. तो उपवास कोणाचा?" ताईने सकाळी पेज घेतली, चवीपुरते मीठ घातले, गोळी घेतली आणि दुपारी क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला चौदाही स्थानांवर उभी राहिली.